देहलीदीप: जुन्या बुलेटचा दिवा आणि समोरून येणारा माणूस



आजचा विषय जाहीर झाला तसे दोघातिघांचे फोन आले. "सर, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आणि आता मोटारसायकलच्या हेडलाइटवर बोलणार?" आम्ही त्यांना म्हटलं, दिवा हा दर्शनशास्त्राचा फार जुना विषय आहे. अंधार म्हणजे काय, यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाद झालेला आहे. भाट्ट मीमांसक म्हणतात, अंधार हे एक द्रव्य आहे. तो काळा दिसतो, सरकताना दिसतो, म्हणजे तो काहीतरी आहे. न्याय-वैशेषिक म्हणतात, छे, तो नुसता अभाव आहे, तेजाचा अभाव. पण मग अंधाऱ्या खोलीत थोडं तरी तेज असतंच की! म्हणून अन्नंभट्टाने तर्कसंग्रहाच्या दीपिकेत एक बारीक दुरुस्ती केली. अभाव कसल्याही तेजाचा नव्हे, तर 'प्रौढ' आणि 'प्रकाशक' तेजाचा. म्हणजे जे पुरेसं आहे आणि वस्तू दाखवून देतं अशा तेजाचा. दिवा लागलेला आहे पण काही दाखवत नाही, तर तो अंधारच.

वर्गात हे आम्ही कितीतरी वर्षं शिकवलं. त्याचा अर्थ मात्र कळला तो कसारा घाट उतरल्यावर, खर्डीच्या पुढे.

आमच्याकडे १९९४ सालची बुलेट आहे, ३५० सीसी, बारा व्होल्टची, प्लॅटिनम पॉइंटची. बुलेट मुळात इंग्लंडमधल्या रेडिचची. १९५५ साली मद्रासला एन्फील्ड इंडिया कंपनी उभी राहिली आणि गाडी इथलीच झाली. भिवंडीहून नाशिक, त्र्यंबक, सप्तशृंगी, माळशेज, गणपतीपुळे, असं आम्ही दोघं नवरा-बायको या गाडीवर हिंडलो. निवृत्तीनंतर तर जास्तच. अशाच एका फेरीत नाशिकहून निघायला उशीर झाला. घाट उतरेपर्यंत अंधार पडला. वेग ताशी ५०च्या आसपास असेल. एकाएकी मागून हिने पाठीत बुक्का मारला आणि ओरडली. समोर एक बंद पडलेला ट्रेलर उभा होता. मागे दिवा नाही, रेडियम नाही, चाकाखाली दोन दगड तेवढे लावलेले. ब्रेक, गिअर, हँडल, जे जमलं ते केलं आणि डाव्या बाजूच्या खडीवरून निसटलो. गाडी थांबवून दहा मिनिटं रस्त्याच्या कडेला बसून राहिलो. बोललो नाही.

दोष गाडीचा नव्हता. पंचवीस वर्षं जुनं वायरिंग, गंजलेले जोड, काळवंडलेला रिफ्लेक्टर, आणि यातलं एकही कधी न उघडणारे आम्ही. दिवा लागत होता, म्हणून तो चालू आहे असं आम्ही धरून चाललो होतो.

घरी आल्यावर घाबरलेला माणूस जे करतो तेच केलं. बाजारात गेलो आणि सगळ्यात झगझगीत एलईडी बल्ब आणला. जुन्या होल्डरमध्ये तो बसला, पाच मिनिटांचं काम. रात्री गाडी गल्लीत काढली तर समोरच्या इमारतीचा तिसरा मजला उजळला. शेजारी म्हणाले, "सर, विमान उतरवताय काय?" आम्हीही खूश.

पुढच्या रविवारी वज्रेश्वरीला गेलो. परतताना अंबाडीच्या अलीकडे रात्र झाली. वाडा-भिवंडी रस्ता. त्या रस्त्याचे खड्डे तुम्हाला सांगायला नकोत. समोरून एक स्कूटर येत होती. पुरुष, मागे बाई, मध्ये मूल. आमच्या दिव्याच्या झोतात त्या माणसाने डोळ्यांवर हात धरला. एका हाताने स्कूटर, पुढे खड्डा. स्कूटर रस्ता सोडून शेताच्या बांधाकडे गेली आणि आडवी झाली. देवाची कृपा, मार लागला तो गुडघ्याला आणि कोपराला. मूल रडत होतं, त्याला काही झालं नव्हतं. तो माणूस आमच्याजवळ आला. आमचं वय बघून शिवी गिळली असावी. एवढंच म्हणाला, "काका, डिपर तरी मारायचा होता." आम्ही काय सांगणार? गाडी डिपवरच होती.

आजच्या व्याख्यानाचं कारण हे वाक्य आहे. पहिल्या रात्री आमचा दिवा आम्हाला काही दाखवत नव्हता. दुसऱ्या रात्री तो त्या माणसाला काही दिसू देत नव्हता. अन्नंभट्टाची व्याख्या लावली, तर दोन्ही वेळी आमच्या गाडीच्या पुढे अंधारच होता. पहिल्यांदा तो आमच्या वाट्याला आला, दुसऱ्यांदा आम्ही तो दुसऱ्याला दिला.

आपल्या शास्त्रकारांचा एक छोटा, घरगुती न्याय आहे: देहलीदीपन्याय. देहली म्हणजे उंबरठा. उंबऱ्यावर ठेवलेला दिवा आतली खोलीही उजळतो आणि बाहेरचं अंगणही. वाक्यातला एक शब्द मागच्या-पुढच्या दोन्ही भागांना लागू पडतो तेव्हा हा न्याय वापरतात. आमचं म्हणणं असं, की गाडीचा डिप दिवा हा देहलीदीप आहे. आपल्याला रस्ता दिसला पाहिजे आणि समोरच्याला आपण दिसलो पाहिजे, पण त्याचा रस्ता झाकता कामा नये. दिवा सुधारायचा असेल तर 'किती झगझगीत' हा पहिला प्रश्न नाही. 'कुठे पडतो' हा पहिला प्रश्न.

आता कामाचं बोलू. आम्ही एलईडी बल्ब काढून टाकला, जुना हॅलोजन परत लावला, आणि यावेळी बाजाराऐवजी मल्टिमीटर हातात घेतला. तीन-चारशे रुपयांचं यंत्र.

कृती सोपी आहे. इंजिन चालू करून ते प्रवासातल्या गतीवर धरायचं, हेडलाइट लावायचा. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्ट बघायचे. आमचे भरले १३.४. मग हेडलाइट उघडून, बल्ब जळत असतानाच, होल्डरच्या मागच्या टोकांवर बघायचे. आमचे भरले ११.२. म्हणजे बॅटरीपासून बल्बपर्यंत, जेमतेम मीटर-दीड मीटरच्या वाटेत, २.२ व्होल्ट गळाले.

तुम्ही म्हणाल, १३मधले दोन गेले तर बिघडलं काय? बिघडतं, कारण तारेचा दिवा सरळ हिशेबाने वागत नाही. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टच्या साधारण ३.४ व्या घातात बदलतो. व्होल्ट दहा टक्क्यांनी उतरले तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरतो. ११.२ऐवजी १३.१ व्होल्ट मिळाले तर तोच बल्ब सुमारे १.७ पट, म्हणजे पावणेदोनपटीला टेकेल इतका उजेड देतो. भिवंडीकरांना हे वेगळं सांगायला नको. व्होल्टेज पडल्यावर लूमच्या खात्यातला पिवळा बल्ब कसा लालसर होतो, ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

मग हे व्होल्ट जातात कुठे? जुन्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट बॅटरीतून निघतो, किल्लीच्या स्विचमधून जातो, दिव्याच्या स्विचमधून जातो, मग डिपरच्या स्विचमधून, मग चार-पाच जोडांमधून, आणि मग बल्बला पोचतो. प्रत्येक ठिकाणी थोडा गंज, थोडी सैल पकड. प्रत्येक जण आपली दलाली कापून घेतो. परतीच्या वाटेवर तसंच: बल्बची अर्थिंग हेडलाइटच्या डब्यातून, हँडलच्या बेअरिंगमधून, चॅसीमधून बॅटरीला येते. बेअरिंगला ग्रीस असतं, ग्रीसमधून करंट कसा धड जाणार?

चोर कोण ते मल्टिमीटरच दाखवतो. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं बल्बच्या पॉझिटिव्हला, बल्ब जळत ठेवून. जो आकडा येईल तेवढी गळती जाण्याच्या वाटेवर. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं बल्बच्या अर्थला. तेवढी गळती येण्याच्या वाटेवर. आमच्या गाडीत जाण्याच्या वाटेवर १.६ आणि येण्याच्या वाटेवर ०.६ होते. बेरीज २.२, हिशेब चोख.

यावरचा उपाय म्हणजे रिले. हे नाव ऐकून घाबरू नका. लूमच्या मोटरीला स्टार्टर असतो ना? आपण हिरवं बटण दाबतो, त्या बटणातून मोटरीचा करंट जात नाही. बटण फक्त हुकूम देतं, आतला काँटॅक्टर खटकन ओढला जातो आणि मोटरीचा भार तो उचलतो. रिले म्हणजे चहाच्या पाकिटाएवढादेखील नसलेला, छोटासा स्टार्टर. जुना स्विच तिथेच राहतो, पण आता तो फक्त हुकूम देतो. करंट बॅटरीतून सरळ, जाड वायरने, रिलेतून बल्बला जातो.

रिलेच्या पायांवर आकडे असतात. ३० म्हणजे बॅटरीकडून येणारी वायर, ८७ म्हणजे बल्बकडे जाणारी. ८५ आणि ८६ ही आतल्या कॉइलची दोन टोकं: एकाला जुन्या स्विचची वायर, दुसऱ्याला अर्थ. डिपसाठी एक रिले, अप्परसाठी दुसरा. जुनं वायरिंग कापायचं नाही. होल्डरला येणारं जुनं टोक आता रिलेच्या कॉइलला जोडायचं, एवढंच. उद्या काही बिघडलं तर पुन्हा मूळ जोडणी करून घरी येता येतं. आणि बल्बच्या अर्थसाठी एक स्वतंत्र वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत. बेअरिंगच्या भरवशावर राहायचं नाही.

वायर ओढताना पाच गोष्टी पाळा. पहिली, वायर किमान दीड चौरस मिलिमीटरची, तांब्याची, अनेक तारांची. दुसरी, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतराच्या आत. फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठी नसतो, वायरच्या रक्षणासाठी असतो. फ्यूजच्या अलीकडची वायर घासून चॅसीला टेकली तर तिला वाचवणारं कोणी नाही, आणि वर पेट्रोलची टाकी आहे. या वायरला १० अँपिअरचा फ्यूज पुरतो. तिसरी, जोड पिळून त्यावर टेप मारायचा नाही. आपल्या पावसात तो जोड दोन श्रावणही टिकत नाही. लग दाबून बसवा, वर स्लीव्ह चढवा. चौथी, हँडलच्या मानेपाशी वायरला सैलपणा ठेवा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, ताण येता कामा नये, कारण जुन्या वायर आतून तुटतात त्या बहुतेक तिथेच. पाचवी, काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचं निगेटिव्ह सोडा.

एक सावधगिरी. हे सगळं बॅटरीवर चालणाऱ्या हेडलाइटचं झालं. आपल्याकडच्या कित्येक जुन्या, लहान गाड्यांत हेडलाइट थेट अल्टरनेटरच्या एसी करंटवर चालतो. इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवा. दिवा लागला तर बॅटरीवर आहे. लागला नाही, आणि इंजिन चालू केल्यावर रेस वाढवली की उजेड वाढतो असं दिसलं, तर तो एसीवर आहे. तिथे वरची जोडणी जशीच्या तशी करू नका, जाणकार इलेक्ट्रिशियनकडे जा.

रिले लावल्यावर बल्बवर १३.१ व्होल्ट मिळाले. बल्ब तोच, ४५/४० वॅटचा. मग काळा पडलेला रिफ्लेक्टर बदलला. आतला मुलामा गेलेला असला तर पुसून काही होत नाही. उलट पुसण्याने तो आणखी जातो. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावायचं नाही. बोटाचा तेलकटपणा तापतो आणि काच तडकते. व्होल्ट पूर्ण मिळू लागले की बल्बचं आयुष्य घटतं, म्हणून एक जादा बल्ब डिकीत, कापडात गुंडाळून ठेवायचा.

आता एलईडीचं काय चुकलं ते पाहू, कारण हा प्रश्न येणारच. वस्तू वाईट नव्हती. जागा चुकली होती. हॅलोजनच्या बल्बमध्ये दोन तारा असतात. डिपच्या तारेखाली एक लहानशी धातूची वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून उजेड रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्या भागावरच पडतो आणि तिथून रस्त्यावर खाली उतरतो. रिफ्लेक्टरचा आणि काचेचा एकेक वळसा त्या केसाएवढ्या तारेची जागा धरून आखलेला असतो. तिथे चपट्या चिप लावलेला, पट्टीसारखा बल्ब बसवला, चिप मिलिमीटर-दोन मिलिमीटर पुढेमागे झाल्या, वाटी नसली किंवा नावालाच असली, की उजेड वाटेल तिथे उडतो. तिसऱ्या मजल्यावर जातो, समोरच्याच्या डोळ्यात जातो, आणि रस्त्यावर पडायचा तो कमीच पडतो. चालवणाऱ्याला मात्र झगमगाट दिसतो, म्हणून तो समाधानी असतो. एलईडीच हवा असेल, तर एलईडीसाठीच आखलेला, मान्यताप्राप्त, पूर्ण हेडलाइट हवा. नुसता बल्ब बदलून तो होत नाही.

आणि तो परदेशातून मागवत असाल तर आणखी एक बघा. आपण डावीकडून चालतो, म्हणून आपल्या डिपचा झोत डाव्या कडेला किंचित वर चढलेला असतो. पायी चालणारा, कडेचा दगड, सायकल दिसावी म्हणून. उजवीकडून चालणाऱ्या देशांचा हेडलाइट नेमका उलटा, उजवीकडे चढतो. आपल्याकडे त्या बाजूला समोरच्याचे डोळे असतात.

कोणी म्हणतं, १००/९० वॅटचा हॅलोजन टाका. १०० वॅट म्हणजे बारा व्होल्टवर आठ अँपिअरपेक्षा जास्त. जुना होल्डर वितळतो, स्विच जळतो, बॅटरी उतरते, आणि समोरचा आंधळा होतो तो होतोच.

यावरून जमाखर्चाकडे येऊ. गाडीची कमाई एकच: अल्टरनेटर. ती इंजिनच्या गतीवर अवलंबून. कल्याण नाक्यावर वाहतुकीत दहा मिनिटं अडकलो की कमाई जवळजवळ बंद आणि खर्च चालू. आमचा खर्च असा. इग्निशन कॉइलला सुमारे ३ अँपिअर, हेडलाइटला पावणेचार, मागच्या दिव्याला ०.४, हेडलाइटच्या दोन बाजूंच्या छोट्या पायलट दिव्यांना मिळून ०.७, स्पीडोमीटरच्या बल्बला ०.२. बेरीज आठ अँपिअर, म्हणजे शंभर वॅटच्या आत-बाहेर. ब्रेक दाबला की आणखी पावणेदोन, हॉर्नला तीन-चार. हॉर्न आणि ब्रेक क्षणभरच असतात, बाकीचा खर्च अखंड चालतो.

यात नवं काही जोडायचं, तर आधी जुना खर्च कमी करा. मागचा दिवा, पायलट आणि मीटरचा बल्ब एलईडी केले की जवळजवळ एक अँपिअर वाचतो. तेवढाच मोबाइलच्या चार्जरला लागतो. म्हणजे नकाशा बघायला फोन लावला, आणि खात्यावर बोजा शून्य. लाल काचेमागे लालच एलईडी लावा. पांढरा लावला तर दिवा गुलाबी दिसतो. इंडिकेटर एलईडी केले तर जुना फ्लॅशर बिघडल्यासारखा वागतो. त्याला भार कमी लागतो, म्हणून तो फार भरभर लुकलुकतो किंवा लुकलुकतच नाही. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवला की प्रश्न मिटतो. आणि चार्जर असो की आणखी काही, त्याची जोडणी किल्ली बंद केल्यावर बंद होईल अशी ठेवा. नाहीतर सकाळी त्र्यंबकच्या लॉजबाहेर गाडी ढकलत बसावं लागतं. हेही आम्ही अनुभवाने सांगतो.

कमाई पुरते की नाही, याची परीक्षा एका आकड्यात होते. प्रवासाच्या गतीवर, सगळे दिवे आणि चार्जर चालू ठेवून, बॅटरीवर १३ व्होल्टच्या वर दिसले पाहिजेत. १२.५च्या खाली घसरत गेले तर तुम्ही शिल्लक खाताय. १४.५च्या फार वर गेले तर रेग्युलेटर बिघडलाय, बॅटरी उकळेल.

आता सर्वांत महत्त्वाचं, आणि याला एक रुपयाही लागत नाही. दिव्याची नजर.

संध्याकाळी एका भिंतीसमोर, सपाट जागेवर, गाडी १० मीटरवर उभी करा. गाडी स्टँडवर नको, चाकांवर हवी, आणि चालवणारा वर बसलेला हवा. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजा आणि भिंतीवर तेवढ्या उंचीवर खडूने रेघ मारा. डिप लावला की उजेडाची वरची कड त्या रेघेच्या दहा सेंटिमीटर खाली यायला हवी. गणित सोपं: दहा मीटरला दहा सेंटिमीटर उतार, दिवा नव्वद सेंटिमीटर उंचीवर, तर कड नव्वद मीटरवर जमिनीला टेकते. तोवर ती समोरच्याच्या छातीखालीच राहते.

पण आपण प्रवासी माणसं. मागे बायको, दोन बॅगा, वर नाशिकची द्राक्षं. मागचा शॉक समजा तीन सेंटिमीटर दबला. बुलेटच्या दोन चाकांमधलं अंतर साधारण १३७ सेंटिमीटर. तीन भागिले एकशे सदतीस, म्हणजे दहा मीटरवर झोत सुमारे बावीस सेंटिमीटर वर उचलला जातो. दहा सेंटिमीटर खाली असलेला डिप आता बारा सेंटिमीटर वर! तुम्ही डिपरवर आहात आणि समोरच्याला अप्पर दिसतो. अंबाडीच्या त्या रात्री एलईडीसोबत हेही घडलं होतं. म्हणून मोठ्या प्रवासाला निघण्याआधी, सामान लादून आणि दोघं बसून भिंतीची परीक्षा पुन्हा करा. हेडलाइटचा स्क्रू सैल करून झोत किंचित खाली, किंवा शॉकचा ताण वाढवायची सोय असेल तर तो एक घर वर. परत आल्यावर पुन्हा मूळ जागी. आमची ही परीक्षा एका गोदामाच्या आवारात, रखवालदाराच्या परवानगीने होते. भिवंडीत सपाट जागा आणि उंच भिंती यांचा काही तोटा नाही.

कायद्याचंही एक बोलू. मोटार वाहन कायदा, १९८८ याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांविषयी आहे. उत्पादकाच्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत बदल करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९च्या निकालात सांगितलं. काहींना ही अडचण वाटते. आम्हाला यात शहाणपण दिसतं. जुन्या गाडीला नवं काही देण्याआधी तिचं मूळचं जे हरवलंय ते तिला परत द्या. ठरल्या वॅटचा बल्ब, पूर्ण व्होल्ट, स्वच्छ रिफ्लेक्टर, बरोबर नजर. एप्रिल २०१७पासून आपल्या देशातल्या नव्या दुचाकींचा दिवा इंजिनबरोबर आपोआप लागतो, दिवसाही. उन्हात तो दिवा चालवणाऱ्याला काय दाखवणार? तो समोरच्यासाठी आहे. कायद्यानेही उंबरठा ओळखलाय म्हणायचा.

शेवटचा हिशेब वेगाचा. त्याच गोदामाच्या आवारात आम्ही काळपट गोणपाट काठीवर टांगलं आणि डिपच्या उजेडात ते किती लांबून दिसतं ते मोजलं. दुरुस्तीआधी पस्तीस पावलं, म्हणजे आमच्या पावलांनी पंचवीसेक मीटर. दुरुस्तीनंतर सत्तर पावलं, पन्नासेक मीटर. आता ताशी ५०च्या वेगाने गाडी सेकंदाला चौदा मीटर जाते. दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरा, एकवीस मीटर गेले. ड्रम ब्रेकने थांबायला आणखी वीस. एकूण चाळीस. म्हणजे खर्डीच्या त्या रात्री, पंचवीस मीटरच्या उजेडात, आम्ही थांबू शकतच नव्हतो. हिने पाठीत मारलेल्या बुक्क्याने वाचलो. आज पन्नास मीटरच्या उजेडात ताशी ५०ला थांबू शकतो. ६०ला जेमतेम, किंवा नाही. ८०ला प्रश्नच नाही, तिथे ऐंशीपेक्षा जास्त मीटर लागतात. पावसात आणि इगतपुरीच्या धुक्यात याहून कमी. म्हणून दिवा सुधारल्यावरही रात्रीचा आमचा वेग ५०च आहे. दिवा सुधारला म्हणून वेग वाढवला, तर खर्डीचा ट्रेलर पुन्हा समोर उभा राहील, थोडा पुढे इतकंच.

त्या स्कूटरवाल्याचा नंबर हिने घेऊन ठेवला होता. औषधपाण्याचे पैसे त्याने घेतले नाहीत. दुरुस्ती झाल्यावर त्यालाच बोलावलं, गोदामाच्या आवारात. तो भिंतीकडे पाठ करून स्कूटरवर बसला, आम्ही दोघं सामानासकट बुलेटवर, डिप लावून दहा मीटरवर. विचारलं, "डोळ्यात जातोय का?" तो जरा वेळ बघत राहिला. म्हणाला, "नाही. तुम्ही दिसताय, काकूही दिसतात." मग खाली बघून म्हणाला, "आणि माझ्या पुढचा खड्डाही दिसतोय."

मल्टिमीटरवर येत नाही असं एवढं एकच माप होतं. ते आम्ही त्याच्याकडून घेतलं. तुम्हीही दिवा नीट केलात, की भिंतीपाशी कोणाला तरी उभं करा आणि विचारा.